तेरच्या संग्रहालयात रोम शोधताना

१/ धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. इतिहासाचा अभ्यासक मात्र तेथे जातो तो प्राचीन ‘तगर’ नगर पाहायला. या गावातील शासकीय वस्तुसंग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. पांढरीच्या टेकाडांवर आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांतून हे संग्रहालय उभे राहिले.

२/ इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

३/ पेरिप्लसनुसार तगराहून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणजे कापड: जाडेभरडे, तसेच तलम मलमलही. ते गाड्यांतून भडोचला जाई आणि तेथून समुद्रापार. संग्रहालयात मात्र त्या कापडाचा धागाही नाही. कापड कुजते, माती, शंख आणि हस्तिदंत टिकतात. ज्या मालामुळे नगराचे नाव परदेशी ग्रंथात गेले, तोच माल येथे अनुपस्थित आहे.

४/ मग ‘रोमन’ काय उरते? रोमन धाटणीचे दिवे आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती. या तंत्रामागे अभ्यासकांना भूमध्यसागरी प्रभाव दिसतो. पण चेहरे, केशरचना, दागिने सातवाहनकालीन दख्खनचे आहेत. येथे रोमन वसाहत होती असे या मूर्ती सांगत नाहीत. परकी युक्ती आत्मसात करून तिच्यातून आपली माणसे घडवणाऱ्या कारागिराची ओळख त्या देतात.

५/ या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्याशी साम्य असलेली एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी प्रामुख्याने वायव्य भारतातील. त्यामुळे ‘ती तेरचीच’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. साम्य म्हणजे जन्मदाखला नव्हे.

६/ खरा प्रश्न काळाचा आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ मधला, म्हणजे पॉम्पेईची मूर्ती त्याआधीची, हे निश्चित. तेरची मूर्ती मात्र संग्राहकाच्या हाती आलेली वस्तू. ती कोणत्या थरात, कोणत्या घरात, कशाशेजारी होती, हे तिच्यासोबत आलेले नाही. तिचा काळ ठरवताना अभ्यासकाला इटलीतील ज्वालामुखीच्या राखेचा आधार घ्यावा लागतो. भोकरदनलाही अशाच हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला आहे. ती भग्न आहे. पण उत्खननात मिळाल्याने तिच्यामागे थराची साक्ष उभी आहे.

७/ याचा दोष लामतुरे यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांनी त्या वस्तू उचलल्या नसत्या, तर त्या नांगराखाली चुरा झाल्या असत्या किंवा व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या असत्या. त्यांनी वस्तू वाचवल्या आणि त्या गावातच राहिल्या. संदर्भ वाचवणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

८/ ते काम आजच्या पिढीच्या आवाक्यात आहे. पांढरीवर पावसानंतर खापर, मणी, नाणे दिसले, तर ते खिशात टाकू नये. जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण नोंदवावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. घरी नेलेला मणी फार तर सुंदर असतो. मूळ थरात नोंदलेला मणी बोलू शकतो.

९/ तेरला जाणाऱ्याने तेथे रोम जरूर शोधावा. मात्र ‘रोमन’ ही चिठ्ठी वाचून पुढे सरकू नये. मूर्तीची पाठही पाहता आली, तर दोन साच्यांच्या सांध्याची रेषा शोधावी. ती रेषा ज्याने हाताने जुळवली, तो कुंभार तगराचा होता.