मास्क कुणासाठी लावायचा?

सीपॅप यंत्राच्या पोटात नखाएवढं एक कार्ड असतं. रुग्णानं रात्री मास्क कधी लावला, कधी काढला, कडेनं हवा किती गळली, मास्क असतानाही श्वास ताशी किती वेळा अडला, याची बारीक नोंद त्यात होते. यंत्र नुसतं चालू करून उशाशी ठेवलं तरी ते लपत नाही, कारण पलीकडे कुणी श्वास घेतंय की नाही हे यंत्राला कळतं. नव्या यंत्रांची ही माहिती तर सकाळच्या चहाआधी माझ्या मोबाइलवर येऊन पडते. मधुमेहाची गोळी रुग्णानं खरंच घेतली की नाही, हे डॉक्टरला इतक्या खात्रीनं कधी कळत नाही.

तरीही तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात झोपेच्या विकारांवर काम करताना मला गरज भासते ती दुसऱ्याच एका मोजमापाची. कार्ड सांगतं ते होऊन गेलेलं. हा माणूस उद्या मास्क लावेल का, आणि लावला तर कुणासाठी, हे कार्डात नसतं. ते आधीच अजमावता आलं तर आज कपाटावर पडून असलेली कितीतरी यंत्रं वापरात येतील, असं मला मनापासून वाटतं.

हे यंत्र ज्या आजारासाठी लागतं, तो थोडक्यात सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा घसा श्वास आत ओढताना ओल्या कागदी नळीसारखा मिटतो. छाती-पोट हवेसाठी धडपडत राहतात, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. निदान 10 सेकंद टिकलेला अडथळा आम्ही मोजतो. ताशी 5 च्या आत असेल तर काळजी नाही. 30 च्या वर गेला तर आजार तीव्र. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा आजार असल्याचं दिसलं होतं. ही माणसं झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती.

सीपॅपचा उपायही जुना आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली पाच रुग्णांवरचा आपला अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला: नाकावाटे सौम्य दाबाची हवा सतत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. पहिल्याच रात्री घोरणं थांबतं. असा गुण देणारा उपचार माणसं सोडून का देतात, हा माझ्या विषयातला सर्वात अवघड प्रश्न आहे.

सोडून देतात हे मात्र खरं. अमेरिकेत नॅन्सी क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये रुग्णांना न सांगता यंत्रातले तास मोजले. बहुतेकांनी रोज वापरतो असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात 35 पैकी 16 जणच ‘70 टक्के दिवस, किमान 4 तास’ या कसोटीला उतरले. ही कसोटी त्या संशोधकांनी सोयीसाठी ठरवली होती. पुढे ती अमेरिकेतल्या सरकारी विम्याची अट बनली आणि जगभर नियमासारखी वापरली जाऊ लागली. तिच्यामागे शरीराचा काही असा कायदा नाही. टेरी वीव्हर यांच्या 2007 च्या अभ्यासात रुग्णाला स्वतःला जाणवणारी पेंग 4 तासांनी कमी झाली, यंत्रानं मोजलेला झोपाळूपणा सुधारायला 6 तास लागले, आणि रोजची कामं नीट व्हायला साडेसात. म्हणून चार तास झाले की ‘पास’ आणि साडेतीन झाले की ‘नापास’ असा शिक्का मारणं मला मुळीच पटत नाही. केस पेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या माणसाकडे त्याच नजरेनं बघतो.

आता मन कसं मोजायचं? सर्वात साधी मोजपट्टी शून्य ते दहाची. मास्क लावणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, आणि ते जमेल याची खात्री किती, हे दोन प्रश्न. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या रुग्णांसाठी मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवलेल्या संवादपद्धतीत ही पट्टी वापरतात. कामशेतकडचा एक कंटेनरचालक बायकोबरोबर आला होता, न्हावाशेवा ते चाकण अशा फेऱ्या करणारा.

“किती महत्त्वाचं वाटतं?”

“दहा लिहा मॅडम.”

“दहा का?”

“तुम्ही सांगताय म्हणजे लावायलाच पाहिजे.”

“लावतील हो,” बायको शेजारून म्हणाली. “न लावून सांगतात कुणाला?”

“आणि जमेल याची खात्री?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तीन.”

“तीन का? एक का नाही म्हणालात?”

हातातली टोपी फिरवत तो खाली बघून बोलला. “खंडाळ्याच्या उतरणीला एकदा डोळा लागला. क्लीनर ओरडला म्हणून वाचलो. घरी सांगितलं नव्हतं.” बायकोनं चटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या दहापेक्षा हा तीन मला कितीतरी मोलाचा. ‘दहा का नाही’ असं विचारलं की माणूस अडचणी सांगतो, सबबी सांगतो. ‘याहून कमी का नाही’ विचारलं की तो स्वतःचं कारण शोधतो आणि ते स्वतःच्या तोंडानं बोलतो. त्याच्या बाबतीत पुढचा प्रश्न साधा निघाला. आठवड्यातल्या निम्म्या रात्री तो केबिनमध्ये झोपतो आणि ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची. यंत्राला चालेल असा कन्व्हर्टर मिळाला आणि तास वाढले. इच्छा कमी पडत नव्हती, प्लग कमी पडत होता.

त्या पहिल्या ‘दहा’बद्दल थोडं अधिक बोलायला हवं. आपल्याकडे डॉक्टरला नाही म्हणणं उद्धटपणाचं समजतात. वय जितकं जास्त, गाव जितकं आत, तितका आकडा मोठा. रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेचे प्रकार वेगळे केले: मला पटलंय म्हणून करणं एक, आणि कुणी रागावेल, आपल्यालाच अपराधी वाटेल म्हणून करणं दुसरं. या विचारावर आधारलेल्या प्रश्नावलीत उपचार घेण्याची कारणं वाक्यांच्या रूपात दिलेली असतात आणि रुग्णानं प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते सांगायचं असतं. बेरीज एकच काढत नाहीत, दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजतात. माझ्या मते हीच तिची ताकद आहे. आज्ञाधारकपणातून आलेला दहा आणि पटलेला सात यांतला फरक साध्या पट्टीवर दिसत नाही.

एडिंबरामधल्या 1999 च्या एका अभ्यासात, स्वतःहून उपचाराला आलेल्यांनी यंत्र जास्त तास वापरलं. जोडीदारानं पाठवलेल्यांनी कमी. मावळात तर घोरण्याची तक्रार घेऊन बहुतेक वेळा बायकोच येते, नवरा मागे उभा असतो. अशा वेळी मी दोघांशी वेगवेगळं बोलते. बायकोची माहिती हवीच असते, कारण श्वास अडतो तेव्हा जागी तीच असते. पण तिची इच्छा नवऱ्याच्या नावावर लिहून चालत नाही.

प्रश्नावल्या जशाच्या तशा उचलून चालत नाहीत, हेही इथं रोज दिसतं. दिवसाची पेंग मोजणारी एपवर्थ मोजणी मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये तयार केली. आठ प्रसंग, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण 24. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. पहिलाच प्रसंग बसून वाचण्याचा. भातशेती करणारे आजोबा म्हणतात, “मी वाचतच नाही.” मग मी सप्ताहातल्या कीर्तनाचं विचारते, वडगावहून पुण्याला जाणाऱ्या लोकलचं विचारते. असा बदललेला आकडा मूळ मोजणीच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही, म्हणून तो मी वेगळा लिहून ठेवते. आणि वाहन थांबलेलं असताना डोळा लागतो का, या प्रश्नाला चालक शून्य म्हणतो ते परवान्याच्या आणि नोकरीच्या भीतीनं. भीती मोजणारा प्रश्न त्या आठांत नाही.

मग पावसाळा येतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. झाडं तारांवर पडतात, लाइट जाते. वळवण धरणाचं पाणी खाली खोपोलीला नेऊन 1915 पासून मुंबईसाठी वीज केली जाते, आणि त्याच वळवणच्या आसपासचा माझा रुग्ण रात्री एक वाजता हवा बंद झाल्यानं घुसमटून उठतो, मास्क ओढून काढतो आणि तसाच झोपतो. थंडीत आणखी एक त्रास: नळीत पाणी साचून नाकावर थेंब येतात. कार्डावर या सगळ्याची नोंद एकच, वापर कमी. जुलैतले तास पडले म्हणून मन उतरलं असं मानणं हा त्या माणसावर अन्याय आहे. यंत्राची सर्वात जास्त वीज आर्द्रता देणारा भाग खातो. पावसाळ्यात तो बंद ठेवला तर घरचा इन्व्हर्टर रात्र काढू शकतो. नळीला कापडी खोळ घातली की थंडीतले थेंब कमी होतात. वीव्हर यांच्याच 1997 च्या अभ्यासात नियमित वापरणारे आणि अधूनमधून वापरणारे यांची वाट चौथ्या रात्रीपर्यंतच वेगळी झालेली दिसली होती. त्यामुळे महिन्यानं बोलावण्यापेक्षा चौथ्या दिवशी केलेला फोन मला जास्त उपयोगाचा वाटतो.

लोणावळ्यात असल्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: यंत्राऐवजी प्राणायाम चालेल का? कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना इथं 1924 मध्ये झाली. तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी त्याच सुमारास नौली ही योगक्रिया करताना पोटात निर्माण होणारा ऋण दाब उपकरणं लावून मोजला, त्याला आपल्या गुरूंचं नाव दिलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापला. योगाचा अनुभव मोजून बघावा हा आग्रह याच गावातला, त्यामुळे मी हा प्रश्न उडवून लावत नाही. घशाच्या स्नायूंच्या व्यायामानं सौम्य आणि मध्यम आजारात काही फायदा होतो. तीव्र आजारात त्यावर विसंबणं धोक्याचं, हे मी स्पष्ट सांगते. पण वर्षानुवर्षं पहाटे उठून आसनावर बसणाऱ्या माणसाकडे नेम पाळण्याची ताकद असते. मास्क त्या नेमाला जोडून दिला तर तो टिकतो. वारीला जाणाऱ्यांशी याच अंगानं बोलते: तीन आठवडे मुक्कामी यंत्र न्यायचं कसं, ते कुठं चार्ज करायचं. ‘वारीत कशाला मशीन’ हा त्यांचा प्रश्न मी श्रद्धेचा मानते, टाळाटाळीचा नाही.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. पाळी गेल्यावर हा आजार वाढतो, पण त्या घोरण्याची तक्रार आणत नाहीत, थकवा आणतात. पवना धरणाच्या बाजूला पर्यटकांसाठी स्वयंपाक करणारी एक बाई ‘किती महत्त्वाचं’ या प्रश्नाला दोन म्हणाली. “दमतात सगळ्याच. या मशीनच्या चाळीस हजारांत दुभती गाय येते मॅडम.” आजाराची भीती घालून तिच्यावर काही परिणाम झाला नसता. दमणं नसतं तर काय केलं असतं, असं विचारलं तेव्हा म्हणाली, “लेकीची स्कूटी शिकायची आहे. पण मधेच डोळा लागला तर?” केस पेपरवर मी ‘स्कूटी’ असं लिहिलं. पुढच्या भेटीत तासांआधी त्याबद्दल विचारलं.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातलेही रुग्ण होते, सीपॅपनं हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. सरासरी वापर होता रात्री 3.3 तासांचा. अर्ध्या मात्रेवरून औषधाची परीक्षा झाली, असं मानणारे आमच्यात अनेक आहेत. मीही त्यांतली एक. प्रेरणा अजमावणं हा मनाला बरं वाटावं म्हणून केलेला जादा उपचार नाही. उपचाराची मात्राच त्यावर ठरते.

मला हवी आहे ती मराठीत जन्मलेली पट्टी, भाषांतर करून घेतलेली नव्हे. तिच्यात ‘हे मशीन माझ्या मर्जीनं घरात आलं’ असं वाक्य असेल, ‘पाहुण्यांसमोर मास्क लावायला लाज वाटते’ असं असेल, ‘लाइट गेली तर काय करायचं ते मला माहीत आहे’ असंही असेल. चालक, शेतकरी, चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे, घरच्या बायका अशा सगळ्यांना ती विचारायची, तीन महिन्यांनी उत्तरं कार्डातल्या तासांशी ताडायची आणि ज्या वाक्यांवरून काहीच कळलं नाही ती गाळायची. अशी वाक्यं मी जमवते आहे. बहुतेक आहेत यंत्र वापरणाऱ्यांची, कारण दवाखान्यात परत येतात ते तेच. ज्यांनी ते सोडून दिलं, त्यांची वाक्यं मला जास्त हवी आहेत. तुमच्या घरात असं यंत्र बंद पडून असेल तर ज्यांचं आहे त्यांना रागावू नका. ते नकोसं कधी झालं, कुठल्या रात्री, एवढं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत आपल्या डॉक्टरांना सांगा.