नळावरची पांढरी खपली

गेले पंधरा दिवस घरी येईल त्याला मी आधी मोरीत नेतो, मग चहा. काल सिलिंडर घेऊन आलेल्या पोरालाही नेलं. त्याला नळ दाखवला, नळावरची पांढरी खपली दाखवली, तिच्यावर लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं आणि म्हटलं, ऐक! कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. अर्ध्या तासानं फडकं काढायचं, नख लावायचं, खपली सुटते. धूर नाही, वास नाही, ठसका नाही. पोरगं म्हणालं, "काका, पैसे द्या, पुढची डिलिव्हरी आहे."

पंचावन्न वर्षांत मी एकदाही मोरी घासलेली नव्हती. त्यामुळे माझा हा आनंद बायकोला चमत्कारिक वाटतो.

आम्ही नांदुऱ्याचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेकाठचं आमचं बोअरचं पाणी बादलीत रात्रभर राहिलं तर सकाळी कडेला पांढरी रेघ. टाईल्स, नळ, बादल्या, सगळ्यांवर क्षार. त्यावर घरोघरी एकच इलाज, ॲसिड. बिनलेबलच्या बाटलीतलं. ओतलं की फसफसतं, धूर निघतो, घशात झोंबतं, आणि झोंबलं म्हणजे माल अस्सल, असा आमचा हिशेब.

दिवाळीच्या तोंडावर मायनं तेच केलं. वय 76. घरी कोणी नव्हतं. ॲसिड टाकलं, डाग निघेना म्हणून वरून मूठभर ब्लिचिंग पावडर, आणि वास घरभर पसरू नये म्हणून दार लावून घेतलं. पाटावर बसून ब्रशनं घासत राहिली. मी आलो तेव्हा ओसरीत खांब धरून बसली होती. डोळे लाल, एक वाक्य तीन तुकड्यांत. दवाखान्यात नेब्युलायझर लावला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "दोन्ही एकत्र टाकलं का?"

त्या "दोन्ही एकत्र"नं माझी झोप उडवली. मी वाचत सुटलो, आणि काय काय निघालं! ब्लिचिंग पावडरीवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तोच, आणि आमच्या चार बाय सहाच्या मोरीत! तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून तळाशी साचतो. उभ्या माणसापेक्षा पाटावर बसलेल्याला जास्त लागतो. आणि फुप्फुसात ओल असतेच; तिथं पोचला की त्याचं पुन्हा आम्ल होतं.

मायला विचारलं, वास आला तेव्हाच का नाही उठली? "मले त वासच नाही आला, डोये चुरचुरले तवा समजलं." वयानुसार नाकही मंदावतं हे मला कुठं माहीत होतं? जोरात खोकायची ताकद कमी होते, फुप्फुसाची लवचिकता कमी होते, आणि हिची तर निम्मी जिंदगी चुलीतल्या पऱ्हाटीच्या धुरात फुंकणी फुंकण्यात गेलेली.

पण भडका एकदाच उडतो. रोजचं थोडं थोडं काय करतं? नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास छापला. 6,235 माणसं, 20 वर्षांचा मागोवा. घरची साफसफाई करणाऱ्या बायकांची, जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, साफसफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा दरवर्षी 3.6 मिलिलिटरनं जास्त घटत होती. थेंबभरच, पण वीस वर्षं! पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. हे वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "दिसेल कसा?"

आणि खरी गंमत पुढंच. वास न येणारं काही आहे का म्हणून शोधता शोधता मी पोचलो कुठं, तर लोणारला! आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शाळेच्या सहलीत उल्का, दैत्यसूदनाचं देऊळ, सरोवराचं खारं पाणी एवढं ऐकलं होतं. त्या पाण्यात आहे काय, तर मुख्यतः मीठ आणि सोडा, आपला धुण्याचा सोडा! ऐन-ए-अकबरीत नोंद आहे की या डोंगरांत काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरून क्षार गोळा करत, आणि त्यांची नावं तरी ऐका: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. आज ते अभयारण्य आहे, तिथून चिमूटभरही आणायचं नाही. किराणा दुकानातला सोडा कारखान्यातला. पण साबणाचा माल शेकडो वर्षं या जिल्ह्यातून जात होता, आणि आम्ही मोरीत ॲसिड ओतत होतो!

तर आता फरशीचा चिकटपणा आणि तेलकट ओटा गरम पाण्यात विरघळवलेल्या सोड्यानं, हातमोजे घालून. भुकटी तशीच उधळली तर तीही नाकात जाते. क्षारावर सोडा चालत नाही, तिथं लिंबूसत्वच. ते मात्र ब्लिचिंगजवळ न्यायचं नाही, तेही आम्लच, पुन्हा तोच क्लोरीन. उत्साहाच्या भरात मी सोड्यानं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली काळी केली आणि लिंबूसत्वानं ओसरीच्या शहाबादीवर ताटाएवढा डाग पाडला. शहाबादी म्हणजे चुनखडीच, हे नंतर वाचलं. डागावर सध्या कुंडी ठेवली आहे.

डॉक्टरांनी मायला श्वास मोजायची नळी दिली आहे. जोरात फुंकलं की लाल काटा सरकतो. पहिल्या दिवशी 160. ती नळी अगदी फुंकणीसारखी धरते, दोन्ही हातांत, डोळे मिटून, जसं काही पलीकडे ओली पऱ्हाटी आहे. आज सकाळी काटा 210 वर गेला. तिनं नळी पदराला पुसली आणि माझ्यापुढे केली.

"तू फूक बरं."