घाटात थांबलेली गाडी

सावंतवाडीहून निघून दाणोली मागे पडली, की आंबोलीचा घाट सुरू होतो. पावसाळ्यात कड्यावरचे पाणी रस्त्याच्या कडेशी उतरते, धुके काचेला बिलगते. सुमारे ३० किलोमीटरांच्या या वाटेने आपण ६९० मीटर उंची गाठतो. अशा चढणीवर इंजिन एकाएकी बंद पडले, तर हात प्रथम किल्लीकडे जातो. तो आवरावा.

स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असे झाले तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याचा संभव असतो. हा दात्यांचा रबरी पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना एका तालात फिरवतो. ताल तुटला, की अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. पुन्हापुन्हा सेल्फ मारल्याने नुकसान वाढू शकते. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, इशाऱ्याचे दिवे सुरू करा. मुलांना व वडीलधाऱ्यांना रहदारीपासून दूर न्या. मात्र सुटत्या दरडीखाली उभे करू नका.

गाडी दुरुस्त करावी की सोडून द्यावी, हे घाटात ठरवू नका. भिजलेले अंग, भूक आणि ‘बेल्ट बदलायला कोण विसरले?’ हा वाद यांतून शहाणा निर्णय निघत नाही. गाडी टोइंग करून सावंतवाडीत आणा, सर्वांना जेवू घाला, मग मोती तलावाच्या काठी शांतपणे बसा.

व्हॉल्व्ह वाकले आहेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. काही इंजिनांत ते वाचतात; तेव्हा नवा बेल्ट, टेन्शनर आणि योग्य जुळणी पुरते. वाकले असतील तर हेड उतरवावे लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. अंदाज लेखी घ्या. दुरुस्तीनंतर गाडीची जी किंमत येईल, तिच्याशी तो ताडून पाहा. आहे त्या स्थितीत विकल्यास काय मिळेल, तेही विचारा. पत्रा गंजला आहे का? नोंदणीची १५ वर्षे संपत आली आहेत का? गेल्या वर्षी घातलेल्या नव्या टायरांचे पैसे या हिशेबात धरू नका. ते खर्च होऊन गेले.

मात्र घरात कोणाला वरचेवर दवाखान्यात न्यावे लागत असेल, तर गाडीवाचून जाणारे दिवसही मोजा. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी असेल, तर त्यांना आधी बोलू द्या. आकडे नंतर मांडा.

आणि सहल अर्धी टाकू नका. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आंबोली गाठा. हिरण्यकेशीच्या गुहेतून येणारे गार पाणी पायांवर घ्या. घरी परतल्यावर दुसऱ्या गाडीचे माहितीपुस्तक उघडून बेल्ट किती किलोमीटरांनी अथवा किती वर्षांनी बदलायचा, ते पाहा. तो तुटण्यापूर्वी बहुधा कुरकुरत नाही.