आगटीपासूनचं अंतर

गेल्या जानेवारीत मामाच्या दीड एकराच्या बांधावर आजी, आई, मी आणि माझी सात वर्षांची लेक आगटीभोवती बसलो होतो. आई भाजलेली कणसं तळहातावर चोळायची; लेक शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम हुरडा मटकवायची. तिने सहज विचारलं, "पणजी, तू लहानपणी असाच हुरडा खायचीस?"

"खायचो की. पर आगटीपशी नाय, लांब बसून. वरनं पदरात टाकायचे."

आजीचे वडील वतनदार महार. म्हणजे हिवाळ्याच्या रात्री वेशीवर पहारा, हाक आली की सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावी. थंडी त्यांनीही उघड्यावरच काढली. पण ती मौज नव्हती, राबणूक होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतन रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. मध्ये तीस हिवाळे गेले.

"निसर्गात तरी जात आणू नका," असं सुशिक्षित मित्र सांगतात. अहो, ती आम्ही आणली का? आगटीपासूनचं अंतर कुणी ठरवलं होतं? एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना मला फुरसत म्हणजे वेळेचा आणि पैशाचा प्रश्न वाटायचा. तो बसण्याच्या जागेचाही आहे, हे आजीने शिकवलं.

लेकीने पणजीला हाताला धरून जवळ ओढलं. आजी सरकली, पाय शेकत बसली.

या हिवाळ्यात घरातल्या म्हाताऱ्यांना शेतावर न्या. जवळ बसवा. आणि पूर्वी ते कुठे बसायचे, हेही मुलांसमोर विचारा.

जय भीम!