मुलुंड स्टेशन, एकास सत्त्याऐंशी

मध्य रेल्वेच्या बाजूनें बृहन्मुंबईची हद्द जेथें संपते तें मुलुंड. पलीकडे लगेच ठाणें लागतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, ती याच वाटेनें गेली. १४ डबे, सुमारें ४०० निमंत्रित मंडळी आणि साहिब, सिंध व सुलतान हीं तीन इंजिनें असा तिचा थाट होता. परंतु हा इतिहास मनांत आणून फलाटावर उभा राहणारा मुलुंडकर माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. त्याचें सारें लक्ष गाडीच्या दाराकडे. प्रस्तुत लेखकानेंही चौतीस वर्षें येथून व्ही. टी. चा प्रवास याच दृष्टीनें केला. छप्पर किती खांबांवर उभें आहे, पुलाच्या पायऱ्या कोठें वळतात, हें पाहण्यास सवड मिळाली ती सेवानिवृत्तीनंतर, या स्टेशनची लहानशी प्रतिकृति करण्याचा नाद लागला तेव्हां.

हल्लीं माझा क्रम असा. पहांटे पांचास उठणें, स्नान, देवपूजा. मग चहा घेऊन पांचरस्त्याकडून स्टेशनाकडे चालत जाणें. १९२२ च्या सुमारास आंखलेले हे सरळ, काटकोनांत छेदणारे रस्ते उंच इमारतींच्या दाटींतही आपली शिस्त राखून आहेत. फलाटाचें तिकीट काढून बाकावर बसावें, वहींत दोन आकृत्या काढाव्या आणि आठाची गर्दी उसळण्यापूर्वी घरीं परतावें. जेवणानंतर थोडी वामकुक्षि झाली कीं तीन ते सहा मागच्या खोलींत काम.

या छंदांत जगभर अधिक रूढ असलेलें प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. घाटकोपर ते मुलुंड साधारण १२ किलोमीटर. या प्रमाणानें तें अंतर सुमारें १३८ मीटर होतें, म्हणजे आमच्या घरांतून निघून रस्त्याच्या टोकाशीं पोहोंचावें लागेल! बारा डब्यांची एक लोकलच मुळीं तीन मीटरांची. तेव्हां घाटकोपर, विक्रोळी, भांडुप यांचा मोह सोडून मुलुंडाच्या एका टोंकावर समाधान मानलें. गाडीही तीन डब्यांचीच केली. यांत मात्र फारशी लबाडी नाहीं, कारण मुंबईच्या जुन्या नऊ डब्यांच्या लोकली तीन-तीन डब्यांचे संच जोडूनच बनत.

खरी अडचण रुळांची. आपल्याकडील मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच फूट. युरोप-अमेरिकेंत तें १४३५ मिलिमीटर असतें, आणि बाजारांत मिळणारा छोटा रूळ त्याच मापानें, साडेसोळा मिलिमीटरांचा, केलेला असतो. आपला रूळ त्या प्रमाणांत सव्वाएकोणीस भरावयास हवा. पावणेतीन मिलिमीटरांचा फरक तो काय, असें कोणी म्हणेल. परंतु त्या अरुंद रुळावर आपली रुंद लोकल ठेवली कीं ती भल्या थोरल्या गृहस्थानें नातवाच्या पाटावर बसावें तशी दिसते. पुष्कळ हौशी मंडळी हें चालवून घेतात व गाड्या पळविण्याचा आनंद लुटतात. त्यांस मी दोष देत नाहीं. माझ्याच्यानें तें झालें नाहीं. विकतच्या पट्टीवरचे रूळ सोडवून घ्यावे, आइस्क्रीमच्या काड्या कापून स्लीपर करावे, मापाची पितळी पट्टी मध्यें धरून रूळ चिकटवावे आणि चाकांचे आंस तितकेच लांबवावे, असा हा उद्योग आहे. महिन्याकांठीं दोन वीत काम होतें. दोन धीमे मार्ग सात फुटांपर्यंत आले आहेत. जलद मार्ग अजून पेन्सिलीच्या रेघांतच आहेत. खडीकरितां चाळलेली रेती, मातीकरितां वाळविलेला चहाचा चोथा, झुडुपांकरितां काथ्या. चोथा वाळत घालण्यावरून सूनबाईंशीं जो तह झाला आहे त्याचीं कलमें येथें देत नाहीं.

यापुढें प्रश्न आला तो फलाटाचा, आणि त्यावर घरांत खरा वाद झाला. पूर्वीं फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असत. जानेवारी २०१४ मध्यें घाटकोपर स्थानकांत गाडी व फलाट यांमधील पोकळींत एक तरुण मुलगी ओढली गेली व तिचे दोन्ही हात गेले. उच्च न्यायालयानें या पोकळीची दखल घेतली आणि उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरांपर्यंत उंच करण्याचें काम नेटानें सुरू झालें. माझ्या फळीवर जुना फलाट पावणेनऊ मिलिमीटर, नवा सव्वादहा. मध्यें दीड मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याची जाडी. मी जुन्या वर्षांचें मुलुंड करीत असल्यानें फलाट जुन्या मापाचा करून ठेवला होता. आमच्या मंडळींनीं तो पाहिला. सूनबाई घाटकोपरास नोकरीला आणि त्या साली आमची नात पोटांत, हें त्यांच्या ध्यानांत होतें. त्या म्हणाल्या, "अहो, तेवढा उंच करा." मी म्हणालों, त्या काळीं तसाच होता. "मग तो काळ कशाला करतां?"

कोणत्या सालचें स्टेशन करावयाचें, हा प्रश्न छंदाच्या पुस्तकांत किरकोळ वाटतो. पुण्यास कोथरूडांत भाऊसाहेब जोशी यांनीं १ एप्रिल १९९८ रोजीं लघुरेल्वेचें जें संग्रहालय उघडलें, तेथें हा प्रश्न उद्भवतच नाहीं. आम्ही सहकुटुंब तें पाहून आलों. दिवे मंदावून रात्र होते, गाड्या एकमेकींस टाळून धांवतात, सर्कस लागते. मुलें हरखून जातात, मोठ्यांचेंही भान हरपतें. पण तें कल्पनेंतलें शहर आहे. तेथें उतरलेल्या माणसास घरीं वेळेवर पोहोंचावयाचें नसतें. माझें गांव नकाशावरचें आहे.

शेवटीं फलाट एका बाजूचा जुना ठेवला, दुसऱ्या बाजूचा पुठ्ठा चढवून उंच केला. खरीं कामेंही एकामागून एक फलाट घेऊनच झालीं, तेव्हां इतिहासासही तें सोडून नाहीं. मंडळींनीं उंच बाजूस मणी रंगवून केलेल्या चार बायका उभ्या केल्या आहेत.

विजेचीही अशीच गंमत. मुंबईच्या लोकली १९२५ पासून १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालत. २०१६ मध्यें हार्बर मार्गावरची तशी शेवटची गाडी गेली व सर्वत्र २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. माझी पिवळी-तपकिरी गाडी मात्र १२ व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर अजून धांवते. तारा व बटणें लोहार चाळींतून आणलीं आहेत. वरच्या तारांचे खांब अठ्ठावीस हवेत, अकरा झाले.

सध्यां काम बंद आहे. धाकट्या बंधूंची नात दहावीला असून मागची खोली तिला दिली आहे. चारी फळ्या सुट्या करून माळ्यावर ठेवल्या आहेत. तिचा शेवटचा पेपर झाला कीं त्या खालीं उतरवून पुलाला हात घालीन.