लघुलिपीतली वही

दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणं यावर माझं पोट चालतं. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका आहे. तिथे सगळे स्टेनोच म्हणतात. साहेब निकालपत्र सांगू लागले की माझी पेन्सिल चालू होते. साक्षी आता थेट संगणकावर घेतल्या जातात, त्याही माझ्याच बोटांखालून जातात. ट्रकखाली मुलगा गेलेली बाई, सासरहून परत आलेली मुलगी, बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊ. ऐकायचं, उतरवायचं, की पुढचा पुकारा. आपल्याला काय वाटलं हे त्या कागदावर कुठेच यायचं नसतं, आणि ते तसंच हवं. न्याय त्यावर चालतो.

आईला पक्षाघात झाला आणि हीच सवय मला घरात नडायला लागली. तिची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही जवळपास गेली. दादा बेंगळुरूला, त्यामुळे आई माझ्याकडे आली. सकाळी तिला पुसून, पेज भरवून, तिला सांभाळणाऱ्या मावशी आल्या की धावतपळत बस गाठायची. संध्याकाळी परत तेच. मी कुणाशी काही बोलत नव्हते. नवरा विचारायचा, "काय झालं?" मी म्हणायचे, "कुठे काय?" रात्री दोनला डोळे टक्क उघडे. रक्तदाब वाढला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

मॅडमनी दुसऱ्याच भेटीत लिहायला सांगितलं. रोज पंधरा मिनिटं, सलग. शुद्धलेखन बघायचं नाही, अक्षर बघायचं नाही, खोडायचं नाही. मी म्हटलं, दिवसभर लिहितेच की मी. त्या म्हणाल्या, "तुमचं एक तरी वाक्य असतं का त्यात?"

त्यांनीच जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. त्याने आणि सँड्रा बील यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या काही मुलांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं, आणि काहींना अगदी साध्यासुध्या विषयांवर. जी मुलं घटनेबरोबर मनातलंही लिहीत होती, त्यांना लिहून उठल्यावर अधिकच वाईट वाटायचं. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात त्यांच्या खेपा कमी झाल्या. "तेव्हा पहिले काही दिवस रडू आलं तर वही टाकून देऊ नका," मॅडम म्हणाल्या. हे आधी सांगितलं गेलं म्हणून बरं झालं.

अडचण वेगळीच होती. दोन खोल्यांच्या घरात वही ठेवायची कुठे? आपल्याकडे वही ही सगळ्यांची असते. दुधाचा हिशेब तिच्यात, किराणा तिच्यात, मुलीच्या क्लासची फी तिच्यात. कुणीही उघडतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डायरी लिहायचं मनात आणून सोडून दिलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत, आणि त्या आळशी मुळीच नाहीत. आपण गेल्यावर हे कुणी वाचलं तर, या धास्तीने त्यांनी लिहिलं नाही. मनातलं खरं लिहायला कुलूप लागतं, हे सल्ल्याच्या पुस्तकांत पुरेसं ठासून सांगत नाहीत.

माझ्याकडे कुलूप होतं. लघुलिपी घरात कुणालाच येत नाही.

लंडनच्या सॅम्युअल पीप्सने हेच केलं होतं. 1660 ते 1669 अशी त्याने रोजनिशी लिहिली, तीही शेल्टन नावाच्या माणसाने रचलेल्या लघुलिपीत. मोठी आग, प्लेगची साथ आणि स्वतःची लफडीसुद्धा त्याने त्यात नोंदली. त्याच्या मागे त्या वह्या केंब्रिजच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जवळजवळ शंभर वर्षं पडून होत्या. मग जॉन स्मिथ नावाच्या तरुणाने जवळजवळ तीन वर्षं डोळे फोडून त्या उलगडल्या, आणि ती लिपी शिकवणारं पुस्तक त्याच ग्रंथालयात होतं! मला या गोष्टीने फार धीर आला. माझ्या वह्यांवर एवढी वर्षं घालवणारं कुणी निघणार नाही.

तर शॉर्टहँडची वही, एचबी पेन्सिल आणि रात्री आईचं अंथरूण बदलून झालं की स्वयंपाकघरातला ओटा. कारण तिथे दिवा लावला तरी कुणाची झोप मोडत नाही.

लघुलिपी आवाजावर चालते. पातळ रेघ म्हणजे प, तीच दाबून जाड काढली की ब. स्वर घाईत गाळले जातात. दुसऱ्या दिवशी पहिली पानं उघडली तर मलाच वाचता येईनात. पाणीचं बाणी झालेलं, पायचं बाय. सगळ्या पातळ रेघा जाड उमटल्या होत्या, एका ठिकाणी कागद फाटला होता. कोर्टात इतक्या वर्षांत माझी रेघ कधी अशी बिघडलेली नाही. किती राग आहे हे मला मनाने सांगितलं नव्हतं, ते पेन्सिलीने सांगितलं.

पण नुसत्या रागाने वही भरत गेली आणि बरं काही वाटेना. तेच तेच. दादा येत नाही, फोनवर विचारतो, आई दिवसभर त्याचंच नाव घेते. लिहिता लिहिता मी स्वतःला आणखी चिडवत होते. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं, आणि असं चालू राहिलं तर लिहिणं थांबवून माझ्याकडे या. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक लिहून दिला. सरकारचा आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मग पेनेबेकरच्याच पुढच्या कामातली एक गोष्ट त्यांनी सांगितली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कार्यकारण येत जातं, हे का झालं, मला त्यातून काय उमगलं, असं येत जातं, त्यांना फायदा जास्त होतो. पहिल्या दिवशीच्या जागीच जे फिरत राहतात त्यांना कमी.

हे मला माझ्या भाषेत लगेच कळलं. सरतपासणी झाली होती, उलटतपासणी राहिली होती. साक्षीदार म्हणतो ते आधी नोंदवायचं आणि मग त्याला विचारायचं: किती वाजता? तिथे आणखी कोण होतं? तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत?

मी पान दुभागलं. डावीकडे रात्रीचं लिखाण, उजवीकडे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विचारलेले प्रश्न. आणि "आई दिवसभर त्याचंच नाव घेते" या वाक्यापाशी मी अडले. दिवसभर म्हणजे केव्हा? काय चाललेलं असताना?

दादाला घरात बाळ म्हणतात. आजारपणानंतर आईच्या तोंडून बाकी नुसते हुंकार यायचे, पण बाळ हा शब्द स्वच्छ यायचा. मी तिचं सगळं करायचे आणि ती माझ्याकडे बघून बाळ म्हणायची. ते मला किती लागत होतं हे मी कुणाकडेच बोलले नव्हते. वहीतही ते पहिल्यांदा दादावरच्या रागाच्या आडूनच आलं.

मग मी आईचं डिक्टेशन घेऊ लागले. आवाजाची लिपी असल्याने तिचे हुंकारही उतरवता यायचे. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. पंखा जोरात असताना बाळ. उशी सरकली की बाळ. मावशींना उशीर झाला आणि मी घड्याळाकडे बघू लागले की लांब ओढलेलं बाऽळ. चहा आवडला की आखूड, खालच्या पट्टीत.

ती पानं घेऊन मी वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी ती वाचून दाखवायला लावली आणि म्हणाल्या, वाचाघातात असं होतं. बाकी शब्द हाताला लागत नाहीत, एखादाच मागे उरतो आणि सगळ्यासाठी तोच बाहेर पडतो. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने एका रुग्णाची हकीकत मांडली. तो काहीही विचारलं तरी तान एवढंच म्हणायचा, आणि इस्पितळात त्याचं नावच तान पडलं होतं. त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला पुढे इजा सापडली. आईची उजवी बाजू गेली होती ती डाव्या मेंदूच्याच इजेने.

घरी येऊन मी आईच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "बाळ." मी पंख्याकडे बघितलं, उशीकडे बघितलं, मग खिडकीचा पडदा ओढला. तिने मान हलवली.

लिहिण्याने सगळं बरं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. अशा प्रयोगांपैकी जवळपास दीडशे एकत्र करून 2006 साली तपासणी झाली, तेव्हा परिणाम आहे पण लहान आहे, असंच निघालं. माझी रक्तदाबाची गोळी चालूच आहे. झोप सुधारली ती मात्र मी वहीच्याच खात्यावर मांडते. दिवस चुकतात, मार्चअखेरीच्या धावपळीत कोर्टातून आल्यावर हात उचलवत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी कशा जडतात ते पाहिलं, त्यात सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला, आणि मधला एखादा दिवस गेल्याने काही बिघडत नव्हतं. ज्या बायका दोन दिवस राहिले म्हणून वही कायमची बंद करतात, त्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. आणि सवय कुठल्यातरी ठरलेल्या कामाला बांधावी. माझी आईच्या अंथरुणाला बांधलेली आहे, म्हणून टिकली.

दादाला मी ते सगळं फोनवर वाचून दाखवलं: पंखा, उशी, चहा, उशीर. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, मला वाटायचं ती मला बोलावते आहे, म्हणून तिचा आवाज ऐकवत नव्हता, फोन लवकर ठेवायचो. आता तो रविवारी व्हिडिओ कॉल लावतो आणि नीट वेळ काढून बसतो. आई बाळ म्हणाली की विचारतो, "आता काय म्हणते?"

"पंखा कमी कर म्हणते," मी सांगते.