गालिबची टपाल

गालिब म्हटलं की आमच्या पिढीला आधी नसीरुद्दीन शाह दिसतो. १९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची मालिका लागली तेव्हा शेजारची तीन बिऱ्हाडं आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून ती बघायची. अर्धं कळायचं नाही. जगजितसिंगांचा आवाज मात्र सगळ्यांना कळायचा. ह्यांनी तर दुसऱ्याच महिन्यात कॅसेट आणली आणि ती इतकी वाजवली की पुढे पुढे गालिब जरा घोगरा गाऊ लागला!

पण आज सांगायचं आहे ते गझलांबद्दल नाही. त्यांच्याबद्दल सांगण्याचा माझा अधिकारही नाही. मी मराठीची बी. ए., उर्दूशी संबंध येऊन जाऊन राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या तेवढाच. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना एका जागी बसून होते, तेव्हा भाचीने चार-पाच पुस्तकं आणून दिली. त्यात एक गालिबच्या पत्रांचं होतं. उर्दूच, पण देवनागरीत छापलेलं, खाली अवघड शब्दांचे अर्थ. म्हटलं बघू तरी. आणि मग बाकीची पुस्तकं तशीच राहिली.

तोपर्यंत मला वाटायचं, मोठ्या कवीची पत्रं म्हणजे जपून, घोटून लिहिलेली असणार. गालिबही आधी तशीच लिहायचा, फारसीत, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अर्धं पान मायन्यातच संपेल अशी. पन्नाशीच्या आसपास तो उर्दूत पत्रं लिहायला लागला आणि मायना वगैरे त्याने सोडूनच दिलं. ‘मियां’, ‘साहेब’, कधी ‘महाराज’, की लगेच बोलणं सुरू. एका मित्राला त्याने लिहिलं आहे की मी असा प्रकार शोधून काढला आहे ज्यात पत्र हे पत्र राहतच नाही, शंभर कोसांवरून गप्पा मारता येतात. पानिपतला राहणाऱ्या मीर मेहदी मजरूहला लिहिलेलं एक पत्र तर चक्क नाटकातल्या प्रवेशासारखं आहे. समोर मीरन साहेब म्हणून कुणी बसले आहेत असं समजून हा त्यांच्याशी संवाद करतो. मेहदीच्या पत्राला उत्तर लिहू का, तुमची परवानगी आहे का, असं त्यांना विचारतो, आणि त्या सवालजबाबातच मेहदीला काय सांगायचं ते सांगून होतं. मी ते वाचून एकटीच मोठ्याने हसले. सूनबाई आतून बघायला आली.

ही पत्रं ज्यांना गेली ते कोण? काही नवाब होते, नात्यातले होते. पण पुष्कळसे साधे चाहते होते. कुणी मुन्शी, कुणी छापखानेवाला, कुणी कचेरीतला माणूस. ते आपल्या कविता टपालाने पाठवायचे, गालिब त्यावर ‘इस्लाह’ करायचा, म्हणजे दुरुस्ती, आणि परत धाडायचा. त्यात सर्वांत जास्त पत्रं, शंभराहून जास्त, गेली आहेत मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना. बुलंदशहराजवळच्या सिकंदराबादचे हे कायस्थ गृहस्थ. फारसीत कविता करायचे, आणि भरमसाट करायचे. वयाने जवळजवळ गालिबच्याच बरोबरीचे, पण नातं गुरु-शिष्याचं, आणि गालिब लाडाने त्यांना ‘मिर्झा तफ्ता’ म्हणायचा. हरगोपाल आणि मिर्झा! तफ्तांनाच एका पत्रात त्याने लिहिलं आहे की मुसलमान असो, हिंदू असो की ख्रिस्ती, मला माणूसजात सगळी आप्त वाटते. हे भाषणात लिहिलेलं नाही, घरगुती पत्रात लिहिलेलं आहे, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

आता १८५७ चं सांगायला हवं, कारण त्यावाचून या टपालाचं मोल कळत नाही. मे महिन्यात बंड झालं आणि गालिबचं दोन्हीकडचं उत्पन्न बंद पडलं. इंग्रजांकडून मिळणारी पेन्शन, महिन्याची बासष्ट रुपये आठ आणे, आणि बादशहाकडून इतिहासलेखनासाठी मिळणारे पन्नास. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि शहर रिकामं केलं. गालिबची गल्ली वाचली, कारण तिथल्या हकिमांच्या संरक्षणासाठी पटियाळ्याच्या महाराजांनी पहारा बसवला होता. त्याच ऑक्टोबरात वेडसर धाकटा भाऊ यूसुफ वारला, तर कफन विकत मिळेना. घरातल्या पांढऱ्या चादरी काढून त्यात त्याला पुरलं. मित्रांपैकी कोण मारले गेले, कोण पळाले. पुढे मजरूहने दिल्लीची खबर विचारली तेव्हा गालिबने हिशेब दिला: किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा बाजार, आठवड्याला यमुनेच्या पुलावरचं फिरणं, वर्षाची फूलवाल्यांची जत्रा, या पाच गोष्टींवर दिल्ली उभी होती. त्या पाची गेल्या, आता कुठली दिल्ली?

अशा शहरात हा साठीचा माणूस दार लावून बसलेला, आणि त्याच्याकडे जायचा-यायचा रस्ता एकच, डाकवाला. १८५८ च्या अखेरीला तफ्तांना लिहिलेलं पत्र मी तीनदा वाचलं. तो म्हणतो, मी या एकांतात पत्रांच्या भरवशावर जगतो आहे. ज्याचं पत्र आलं तो माणूसच येऊन गेला असं समजतो. कधी कधी दिवसातून दोनदा टपाल येते, सकाळी एक-दोन, संध्याकाळी एक-दोन, आणि वाचण्यात आणि उत्तरं देण्यात दिवस निघून जातो. मग एकदम तफ्तांवर रागावतो. दहा-बारा दिवस झाले, तुझं पत्र का नाही? लिही, नाहीतर का लिहीत नाहीस त्याचं कारण लिही. अर्ध्या आण्याची कंजुषी करू नकोस. तेवढंच असेल तर पत्र बैरंग पाठव!

बैरंग म्हणजे आपलं नॉटपेड. पैसे घेणाऱ्याने भरायचे. ज्याच्या घरात रोजची चूल कशी पेटवायची हा प्रश्न, तो म्हणतो आहे की टपालहशील मी भरतो, पण तू लिही.

याच हलाखीत तफ्तांनी एकदा शंभर रुपयांची हुंडी पाठवली. त्याची पोच गालिबने कशी द्यावी? आधीची उचल चोवीस रुपये फेडली, पन्नास आत बायकोकडे दिले, उरलेले सव्वीस पेटीत ठेवले. मी बेरीज करून पाहिली (खोड जात नाही), बरोबर शंभर. पुढे लिहितो, कल्याण सौदा आणायला बाजारात गेला आहे, लवकर आला तर हे पत्र आजच टपालात पडेल, नाहीतर उद्या. आणि मग तफ्तांना आशीर्वाद. हा कल्याण म्हणजे घरचा गडी. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला असा पै-पैचा हिशेब आपणहून देणं, त्यात लाचारी नाही की ऐटही नाही. मला हे त्याच्या कितीतरी शेरांहून मोठं वाटलं. जाणकार रागावतील, रागावोत.

आग्र्याच्या मुन्शी शिवनारायणांची गंमत वेगळीच. त्यांच्या छापखान्यात गालिबचं ‘दस्तंबू’ हे बंडाच्या दिवसांवरचं फारसी पुस्तक १८५८ साली छापलं गेलं. आधी पत्रव्यवहार कामापुरता. मग गालिबला कळलं की हा तर आपल्या लहानपणच्या मित्राचा, बन्सीधरचा नातू! की लगेच सूर बदलला. तुझा आजा आणि मी बुद्धिबळ खेळत अर्धी रात्र करायचो, आग्र्यात राजा बलवानसिंगांशी पतंग काटायचो, सगळं सांगत बसला. गिऱ्हाईक गेलं आणि आजोबा आले. बाकी त्या पुस्तकाच्या छपाईत त्याने सगळ्यांचा जीव खाल्ला. ते शुद्ध फारसीत, एकही अरबी शब्द न येऊ देता लिहायचं त्याने ठरवलं होतं, आणि पुस्तक छापायला गेल्यावर एक अरबी शब्द निसटलेला ध्यानात आला. झालं, पत्रावर पत्र. तो शब्द खोडा, त्याजागी हा घाला.

दुरुस्तीच्या बाबतीत तो तसा कडकच होता. तफ्तांनी एका चुकीच्या समर्थनाला हज़ीं या जुन्या फारसी कवीचा दाखला दिला, तर गालिबने कळवलं की हज़ीं माणूसच होता, हा शेर खुद्द जिब्रीलने लिहिलेला असता तरी तो प्रमाण मानू नकोस. तफ्तांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत स्तुती कमी पडली म्हणून ते रुसले, तेव्हाही त्याने भाटगिरी मला जमत नाही असं स्वच्छ सांगितलं. तरी पत्रं थांबली नाहीत. कशी थांबतील? दुरुस्तीच्या वर-खाली, मागे-पुढे तो माणसाची विचारपूस करत असायचा. हातरस, मेरठ, कुठे आहेस, केव्हा येतोस.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. त्याचं कारण सांगते.

माझा एक विद्यार्थी होता. नाव लिहीत नाही. १९८० साली दहावी झाला आणि पुढे एस. टी. त कंडक्टर लागला. मुक्कामी गाडीवर गेला की रात्री कविता करायचा आणि आंतरदेशीय पत्राच्या सगळ्या घड्या भरून मला पाठवायचा. “बाई, सुधारून द्या.” कविता बऱ्या असायच्या, कधी एखादी ओळ खरोखरच चांगली. मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ बघायची, वृत्त बघायची, आणि पाकिटात घालून परत पाठवायची. चार वर्षं हे चाललं. मला त्याचं कौतुक होतं, पण कधी तसं लिहिलं नाही. शिक्षकाने फार कौतुक करू नये अशी आमची शिकवण.

१९८९ साली त्याची एक कविता आली. आई गेली होती. ज्वारीच्या रानात तिच्या विळ्याचा आवाज अजून येतो, अशा अर्थाची होती. आठ-दहा ओळींची, त्याच्या सगळ्या कवितांत खरी. तेव्हा सहामाहीचे पेपर तपासायला पडले होते, त्या गठ्ठ्यातच मी ती तपासली. ‘स्मृति’चा ति दीर्घ केला, दुसऱ्या ओळीत मात्रा कमी पडत होती तिथे काकपद दिलं, शेवटचे दोन शब्द बदलले. आणि परत पाठवली. वर नाही, खाली नाही, एक अक्षर नाही. आई कशाने गेली, केव्हा गेली, विचारलं नाही.

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नाही. दोन-तीन महिन्यांनी वाटलं, लग्न झालं असेल, सुटला कवितेचा नाद. अशी सगळ्यांचीच सुटते.

गालिबचे चाहते त्याची ही पत्रं छापायची म्हणाले तेव्हा आधी त्याने नकार दिला होता. बोलल्यासारखं लिहिलेलं, त्यात माझ्या कवितेच्या लौकिकाला शोभा नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे कबूल झाला. १८६८ साली मेरठहून ‘ऊद-ए-हिंदी’ निघालं आणि दुसरं, ‘उर्दू-ए-मुअल्ला’, १८६९ च्या मार्चमध्ये, तो गेल्यावर काही आठवड्यांनी. शेवटी शेवटी ऐकू येत नसे, हात चालत नसे. १५ फेब्रुवारीला तो गेला. हालीने लिहिलेल्या चरित्रात आहे की मरणाच्या आदल्या दिवशी मधूनच शुद्ध आली तेव्हा तो लोहारूच्या अलाउद्दीन खानांच्या पत्राचं उत्तर सांगत होता, आणि कुणीतरी ते लिहून घेत होतं.

गुडघा बरा झाल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढवली. भाचा म्हणाला, मावशी, काय शोधतेस? म्हटलं, कचरा. त्याची पत्रं सापडतील असं वाटलं होतं, पण कशी सापडणार? मी ती सगळी तपासून परत केलेली. एक आंतरदेशीय मिळालं, त्यात कविता नव्हती. नेमणूक झाल्याचं कळवलं होतं आणि पेढे देऊन जातो म्हणाला होता. पेढे आले होते, आठवतं.

त्याच्या वर्गातल्या एकाकडून फोन नंबर मिळाला आहे. निवृत्त झाला, गावीच असतो, शेती बघतो म्हणे. सूनबाई म्हणते, लावून देऊ का फोन? नको म्हटलं. पोस्टातून दोन आंतरदेशीय आणवली, दुसरं चुकलं तर असावं म्हणून. पत्ता लिहून झाला आहे. मायन्यापाशी दोन दिवस अडले होते. त्याच्या वेळी ‘चि.’ लिहायची, पण आता तोही साठी ओलांडलेला, नातवंडांचा आजोबा. ‘श्री.’ लिहिलं तर परकं वाटेल. शेवटी काल दुपारी काहीच लिहिलं नाही. नुसतं त्याचं नाव लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला, आणि आई कशाने गेली ते विचारलं.